परळीचा पीसी: रायझन की आय-थ्री?

ऑफिसात मशीन अडलं की आपण आयटी सपोर्टला फोन लावतो आणि चहा प्यायला जातो. घरात मात्र आयटी सपोर्ट म्हणजे आपणच! तुम्ही एचआरमध्ये असा, बँकेत असा नाहीतर ॲड एजन्सीत. पुण्या-मुंबईत नोकरी करता आणि रोज कॉम्प्युटरसमोर बसता, एवढ्या क्वालिफिकेशनवर गावाकडचे तमाम नातेवाईक तुम्हाला एक्सपर्ट मानतात. मग एक दिवस तो प्रश्न येतोच: "दादा, कुठला पीसी घेऊ?"

यावेळी तो परळी वैजनाथहून आला. मावसभाऊ यंदा इंजिनिअरिंगला गेला. त्याला कोडिंगचे प्रॅक्टिकल्स करायचेत, थोडं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालवायचंय आणि, हे काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, गेम खेळायचेत. काकांची अट एकच. "तू सांगशील ते घेऊ. पण एकदाच. वर्षाच्या आत पुन्हा पैसे मागायचे नाहीत."

ही अट मला कुठल्याही बेंचमार्कपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. दुकानात आणि यूट्यूबवर मिळणारा सल्ला गृहीत धरतो की तुम्ही आज थोडं घ्याल आणि उद्या थोडं वाढवाल. काकांच्या हिशेबात 'उद्या' हा कॉलमच नाही. तेव्हा आजचा कॉलम हा कॉलम नसलेल्यांसाठी!

दोन पैलवान

स्वस्तातल्या प्रोसेसरची कुस्ती जुनी आहे. इंटेलने १९९८ मध्ये सेलेरॉन आणला, एएमडीने २००० मध्ये ड्युरॉन आणि २००४ मध्ये सेम्प्रॉन. तेव्हाही गल्लीतल्या असेंबलवाल्याकडे दोन पार्ट्या असायच्या आणि वाद चहाच्या तिसऱ्या कपापर्यंत चालायचा. आजच्या कुस्तीत मी दोघांना उतरवलं.

पहिला, एएमडीचा रायझन ५ ५६००जी. ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात आला. सहा कोअर, बारा थ्रेड, वेग ३.९ गिगाहर्ट्झ, जोर लावल्यावर ४.४. नावातला 'जी' म्हणजे आत ग्राफिक्स आहे. त्या ग्राफिक्सचं नाव वेगा ७.

दुसरा, इंटेलचा कोअर आय-थ्री १२१००. जानेवारी २०२२ चा. चार कोअर, आठ थ्रेड, वेग ३.३, जोर लावल्यावर ४.३. आत यूएचडी ७३० नावाचं ग्राफिक्स. याचाच एक जुळा भाऊ आहे, १२१००एफ. त्याच्याबद्दल पुढे बोलू, कारण सगळी गडबड तोच करतो.

दोघं जुने झाले हे खरं. इंटेलने २०२३ मध्ये १३१०० आणि २०२४ मध्ये १४१०० आणला. पण तेही चार कोअरचेच, फक्त वेग थोडा जास्त. एएमडीकडे २०२४ पासून ८५००जी आणि ८६००जी आहेत आणि त्यातल्या ८६००जीचं ग्राफिक्स जाम भारी आहे. पण त्यांना डीडीआर५ मेमरीच लागते आणि मदरबोर्डही नवीन, महाग. त्यात २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव असे भडकले की बजेट पीसीचं कंबरडंच मोडलं. आपले दोन्ही पैलवान डीडीआर४ वर चालतात. घरात जुन्या मशीनच्या डीडीआर४ पट्ट्या असतील तर त्याही कामाला येतात.

ऑफिसचा हिशेब लावू

आता कोअर म्हणजे काय? तुमच्या टीममधली माणसं समजा. आय-थ्रीच्या टीममध्ये चार जण, पण प्रत्येक जण चलाख. एकट्याला एक काम दिलं की रायझनच्या माणसापेक्षा लवकर उरकतो. रायझनच्या टीममध्ये सहा जण. एकेकटे किंचित मागे, पण काम वाटून दिलं की टीम पुढे निघते.

सिनेबेंच आर२३ या नेहमीच्या परीक्षेत हेच दिसतं. एकट्या कोअरला आय-थ्रीचे गुण साडेसोळाशेच्या पुढे, रायझनचे साधारण दीड हजार. सगळ्या कोअरना एकदम जुंपलं की रायझन अकरा हजारांच्या आसपास जातो, आय-थ्री साडेआठ हजारांच्या आसपास थांबतो.

व्यवहारात सांगायचं तर ब्राउझर, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर, साधं कोडिंग यात दोघांतला फरक शोधायला स्टॉपवॉच लागेल. व्हिडिओ एडिट करून एक्सपोर्ट मारायचा किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायचा, की रायझनचे दोन जादा गडी दिसतात. उलट आय-थ्रीच्या आतल्या ग्राफिक्सला एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट थेट उलगडता येतो. यूट्यूबवर तो बराच वापरतात. ५६००जीला ते काम कोअरच्या जिवावर करावं लागतं. करतो, पण घाम गाळून.

म्हणजे कॉलेजच्या कामापुरते दोघंही पास. मग भांडण कशाचं? अर्थातच, काकांना ऐकू न गेलेल्या वाक्याचं!

'एफ'चा घोळ

दुकानात गेलात की १२१००एफ हमखास समोर येतो, कारण तो साध्या १२१०० पेक्षा स्वस्त असतो. चार कोअर तेच, कॅश तेवढीच, वेग तेवढाच. मग स्वस्त का? कारण 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर मशीन सुरू होईल, पंखा फिरेल, लाइट लागतील आणि मॉनिटरवर... काही नाही. अंधार.

परळीकरांना हे समजावणं सोपं आहे. तिथलं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पूर्ण बंद ठेवावं लागलं होतं. बॉयलर होते, टर्बाइन होतं, माणसं होती. नव्हतं ते पाणी. कार्डाशिवाय 'एफ' म्हणजे पाण्याशिवाय वीज केंद्र. यंत्रणा सगळी जागेवर, उत्पादन शून्य.

तेव्हा बिलावर 'एफ' दिसला की एकच प्रश्न विचारा: याच बिलात कार्ड आहे का? नसेल तर पेन खाली ठेवा.

जीटीए चालते का नाही?

मावसभावाचा खरा प्रश्न त्याच्याच शब्दांत: "दादा, बाकीचं जाऊ दे. कार्ड नाही घेतलं तर जीटीए चालते का नाही ते सांग."

चालते. ५६००जीच्या वेगा ७ वर जुनी जीटीए ५ फुल एचडीवर, सेटिंग बेताची ठेवून, साठ फ्रेमच्या आसपास फिरते. व्हॅलोरंट तर शंभराच्या पुढे जातो, तो गेमच हलका आहे. काउंटर-स्ट्राइक २ ला सेटिंग तळाला न्यावी लागते, पण खेळता येतो. सायबरपंक २०७७ सारखं काही लावलं की मात्र मशीन हात जोडतं.

साध्या आय-थ्री १२१०० चं यूएचडी ७३० या बाबतीत निम्म्याच्या आसपास राहतं. सिनेमा बघा, लेक्चर बघा, चकाचक. गेमचं म्हणाल तर रडतखडत.

आता बाजी उलटवू. समजा बजेट वाढलं आणि आरएक्स ६६०० सारखं बरं कार्ड आलं. मग १२१००एफ भाव खाऊन जातो. गेमला सहा साध्या गड्यांपेक्षा चार चलाख गडी बरेचदा जास्त मानवतात. शिवाय ५६००जीमध्ये आतल्या ग्राफिक्सला जागा करून देताना एएमडीने कॅश कापली. साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, ५६००जीमध्ये १६. कॅश म्हणजे गड्याच्या टेबलावरची जागा. टेबल लहान असलं की प्रत्येक फाइलसाठी कपाटापर्यंत उठावं लागतं. १९९८ चा पहिलावहिला सेलेरॉन तर एल२ कॅशशिवायच आला होता आणि त्यावरून इंटेलला काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं!

आणखी एक छुपी खोच. ५६००जी कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या रस्त्याने बोलतो, इंटेलकडे रस्ता नवा आहे. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही स्वस्त कार्डं चारच लेनची आहेत. जुन्या रस्त्यावर, त्यातही चारच लेन, म्हणजे ट्रॅफिक जाम. ५६००जी घेऊन पुढे कधी कार्ड लावायचं झालंच तर ही दोन टाळा. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, त्याचं फारसं अडत नाही.

एक पट्टी की दोन?

५६००जी घेतला आणि दुकानदाराने १६ जीबीची एकच पट्टी टाकली, तर समजा निम्मी मजा दुकानातच राहिली. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मशीनच्या रॅममधूनच उसनं घेतं. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहतो, दोन पट्ट्यांतून ५१.२. पाण्याच्या टाकीला एक पाइप की दोन, एवढाच प्रश्न. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मागा. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

"नंतर एक टाकता येईल की!" असं दुकानदार म्हणेल. आठवा, काकांकडे 'नंतर' नाही.

राख, ऊन आणि लाइट

पुण्यातल्या एसी शोरूममध्ये कुणी विचारत नाही, पण मी विचारलं: हे मशीन राहणार कुठे?

परळी म्हणजे वैद्यनाथाचं ज्योतिर्लिंग, रेल्वेचं जंक्शन आणि चिमण्या. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत: सहावा २००७ चा, सातवा २०१० चा, आठवा २०१६ चा. म्हणजे सगळे मिळून ७५० मेगावॅट. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला तेव्हा चिमणीच्या सावलीतली घरंही अंधारात बसायची, हा विनोद परळीकर अजून सांगतात. त्याला हसावं की काय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

आता वॅटचं बघू. खोक्यावर ५६००जीला ६५ वॅट लिहिलंय, १२१०० ला ६०. या आकड्यांवर जाऊ नका. जोर लावल्यावर पहिला ८८ पर्यंत जातो, दुसरा ८९ पर्यंत. बरोबरी! खरा फरक कार्ड पाडतं. कार्डाशिवाय ५६००जीचं अख्खं मशीन गेम खेळताना साधारण शंभर वॅट खातं. आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॅटचं, म्हणजे १२१००एफचं मशीन सहज सव्वादोनशेच्या आसपास पोचतं. रोज चार तास धरले तर महिन्याला १२ युनिट विरुद्ध साधारण २७. एका युनिटला अंदाजे पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे भावाच्या जीटीएसाठी महिन्याला नऊ किलो की वीस किलो, हे परळीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

बिलापेक्षा जास्त फरक पडतो तो यूपीएसला. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची एक बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास. मॉनिटर धरून सव्वाशे वॅटचं मशीन त्यावर दहा-पंधरा मिनिटं तग धरतं. सबमिशनची फाइल सेव्ह करायला, लाइट परत येते का बघायला तेवढं पुरतं. कार्डवालं मशीन जेमतेम काही मिनिटांत हात टेकतं.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात हवेत राखेची धूळ. दोन्ही प्रोसेसरच्या सीलबंद खोक्यात कंपनीचा पंखा येतो आणि कार्ड नसलं की कॅबिनेटमध्ये तापणारी एक मोठी वस्तू कमी होते. ब्लोअरने महिन्यातून एकदा धूळ काढायची, कॅबिनेट जमिनीवर नाही तर टेबलावर ठेवायचं आणि मुख्य म्हणजे प्लगला खरंखुरं अर्थिंग आहे का हे वायरमनकडून आधी तपासून घ्यायचं. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसला हात जोडा. नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. पैसा वाचवायची ती जागा नाही.

"पुढच्या वर्षी कार्ड घेऊ"

असेंबलवाल्यांचा लाडका सल्ला असतो: आता १२१०० घ्या, पुढच्या वर्षी कार्ड टाका, मशीन एकदम सही होईल. कागदावर चुकीचं काहीच नाही. पगारदाराला तर हा सल्ला मस्तच आहे. दर महिन्याला पैसे येतात, दिवाळीला बोनस येतो, मग 'पुढचं वर्ष' खरंच येतं.

पण ज्या घरात वर्षाचा हिशेब सोयाबीनच्या भावावर आणि पावसाच्या तारखेवर ठरतो, तिथे 'पुढच्या वर्षी' हा शब्द फार जपून वापरतात. पुढच्या वर्षी बोअर मारायची असते, बहिणीची फी असते, घराची गळती असते. त्या यादीत ग्राफिक्स कार्डाचा नंबर कितवा लागेल? आणि पोरगं ते मागणारही नाही. मागायचं नाही असं ठरलंय ना. अर्ध्या मशीनवर चार वर्षं काढेल, कुणाला काही बोलणार नाही. मला खरी भीती याची होती.

म्हणून मी ठरवलं, मशीन असं हवं जे बिल फाडल्या दिवशीच पूर्ण असेल. कार्ड आलंच तर बोनस, नाही आलं तर कुणाचं अडत नाही. या कसोटीवर ५६००जी जिंकतो. वेगात तो सगळीकडे पुढे आहे म्हणून नाही. कार्डवाल्या मशीनमध्ये तो १२१००एफच्या मागे पडतो, हे आत्ताच पाहिलं. पण एकटा उभा राहू शकणारा दोघांत तोच आहे. शिवाय त्याचा एएम४ सॉकेट जुना आणि सगळीकडे पसरलेला. मदरबोर्ड गेला तर बदली बोर्ड मिळायला वणवण करावी लागत नाही.

यादी अशी झाली: ५६००जी, बी५५० चा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चांगला एसएमपीएस, ६०० व्हीएचा यूपीएस. भावाने फोनवर एकदा विचारलं, "दादा, एफवाल्यात जास्त फ्रेम येतेत म्हणतेत पोरं?" येतात, म्हटलं. कार्डासकट येतात. मग कार्डाची किंमत सांगितली. तो जरा वेळ गप्प होता. "मग हेच बरंय," म्हणाला.

आता हाच प्रश्न तुमच्यापर्यंत कधीतरी येणार, तेव्हा हे कापून ठेवा. किमती मुद्दाम देत नाही. अंक तुमच्या हातात येईपर्यंत त्या बदललेल्या असतात. टिळक रोडला असो की लॅमिंग्टन रोडला, त्या दिवशीचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा.

थोडक्यात फंडा

• कार्ड आजच्याच बिलात असेल: १२१००एफ.

• कार्ड नाही, पण गेम खेळायचेत: ५६००जी, दोन पट्ट्यांसह.

• कार्ड नाही, गेमही नाहीत, फक्त अभ्यास, ऑफिसचं काम आणि सिनेमा: साधा १२१००, 'एफ' नसलेला.

• इंटेलचा एच६१० बोर्ड घेताना तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा ते खोक्यावर वाचा. दोन्ही प्रकार मिळतात आणि पट्ट्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

• एएमडीचा जुना बी४५० बोर्ड मिळत असेल तर बायोस अपडेट करून मगच द्या, असं दुकानदाराला सांगा. नाहीतर ५६००जी ओळखलाच जाणार नाही.

• प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे' म्हणून सुटा मिळतो तो स्वस्त असतो, पण त्यात पंखा नसतो आणि वॉरंटीचं दुकानदाराच्या शब्दावर.

• चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह रिफर्बिश्ड मिळतोय म्हणून हुरळू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या पिढीला अधिकृतपणे घेत नाही.

• सगळी बिलं तुमच्याकडेच ठेवा. सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरात असतं आणि खेटे तुम्हालाच घालायचे असतात.

• मशीन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवणार असाल तर कार्ड काढून वेगळ्या खोक्यात द्या आणि कॅबिनेट त्याच्याच थर्माकोलमध्ये पॅक करा. डिक्कीत वर कांद्याचं पोतं येणार नाही, एवढं क्लीनरला आवर्जून सांगा!

पुढच्या आठवड्यात: या मशीनला साजेसा मॉनिटर, आणि ७५ हर्ट्झ व १०० हर्ट्झ यांतला फरक खरंच दिसतो का.